बाटलीएवढी जागा

रोलंडची पाठ वळली तशी व्हिना मावशीनं कोपऱ्यातली खुंटी हलवून हलवून उपटली, हातभर डावीकडं नेली आणि पुन्हा जमिनीत रोवली. हातोडी रोलंडकडं होती, म्हणून तिनं बुटाच्या टाचेनंच ती खाली दाबली. जाळं विणायची हिरवी दोरी सैल पडली होती, तीही ओढून ताणून बांधली. आता समोरची बाजू नीट बेटाकडं झाली.

"मावशी, खुंटी हलली का गं?" रोलंडनं वळून विचारलं.

"वाऱ्यानं हलली असेल."

"वाऱ्यानं खुंटी?"

"इथला वारा तुला नवा आहे होय रे? तुझ्या बापाची अख्खी शेड उडाली तेव्हा तू कुठं होतास?"

टॉबिन्स आर्ममध्ये केस पांढरे झाले की बाई साऱ्या गावाची मावशी होते आणि पुरुष काका. नात्यागोत्याशी त्याचा संबंध नसतो. रोलंड स्वतः साठीला टेकलेला, नगरसभेत निवडून आलेला, वाचनालय समितीचा अध्यक्ष. पण लहानपणी ज्या बाईनं आपले कान पिळले तिच्याशी खुंटीवरून काय वाद घालणार? त्यानं दोरीकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं आणि गुमान येऊन त्या खुंटीवर हातोडी मारली.

पालथ्या घातलेल्या मासळीच्या टोपलीवर बसून ओबेड काका हे सगळं पाहत होते. समितीशी त्यांचा काही संबंध नव्हता. गावात कुठं चार माणसं उभी दिसली की काका तिथं जाऊन बसायचे, एवढंच.

"रोलंड, खुंटीचं ऐक. वाऱ्याचं कुणी ऐकतं का?" ते म्हणाले.

"काका, तुम्ही गप बसा हो."

आर्मचं वाचनालय बंबखान्याच्या माडीवर होतं. जिना अरुंद, खाली बंब सुरू झाला की वर कपाटं थरथरायची, आणि ज्यांचे गुडघे गेले त्यांनी वर चढणंच सोडलं होतं. वर्षानुवर्षं अर्ज करून झाले तेव्हा कुठं सरकारनं नव्या इमारतीला होकार दिला. आता ती कुठं बांधायची आणि केवढी, हे गावानं ठरवून सोमवारी कळवायचं होतं. जागा दोन होत्या. एक वर, शाळेला लागून, हॉकीच्या शेडमागं. सपाट, ऐसपैस, पण तिथून दिसायची ती शेडची पत्र्याची भिंत आणि हमरस्ता. दुसरी ही, टोकावरची, व्हिना मावशीच्या घरालगतची हिरवळ. ती मावशी गावाला फुकट द्यायला निघाली होती. हिरवळीच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कडा. मधे मावेल तेवढं वाचनालय.

समिती तिघांची. रोलंड, माडीवरचं वाचनालय सांभाळणारी नॅडीन आणि स्वतः मावशी. रोलंडला वरची जागा बरी वाटायची, कारण बर्फ काढणारी गाडी तिथपर्यंत आरामात जाते. नॅडीनला काय वाटायचं ते ती सांगत नव्हती. आणि मावशीला तोंडावर नाही म्हणायची दोघांचीही छाती नव्हती.

मावशीला काय हवं होतं ते गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. तिला खिडकी हवी होती. वाचनालय हवं होतंच, ती पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचायची. पण खिडकी आधी. मोठी, भिंतभर, तिच्यासमोर एक बऱ्यापैकी खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या केप्लिन बेट दिसलं पाहिजे. बेट तसं हिरवळीवरूनही दिसायचं. दाराबाहेर चार पावलं टाकली की समोर होतंच. पण वाऱ्यात उभं राहून, डोळ्यांतलं पाणी पुसत बघणं वेगळं आणि ऊबदार जागी चहा पीत निवांत बघत बसणं वेगळं. हे दुसरं बघणं तिच्या वाट्याला पन्नास वर्षांत आलं नव्हतं. कारण तिचं घर उलटं होतं.

आर्ममधल्या निम्म्या घरांसारखं तेही समुद्रावरून तरंगत आलेलं. सरकारनं सांगितलं, बेटं सोडा, तिथं शाळा नाही, डॉक्टर नाही, मुख्य किनाऱ्यावर या. आणि केप्लिन बेटावरच्या लोकांनी एकामागून एक सह्या केल्या. व्हिनाच्या नवऱ्यानं, अझरायानं, एका शब्दानं कुरकुर न करता केली. मग घराखाली रिकामी पिंपं बांधली, चार मोटरबोटींनी ते भरतीच्या पाण्यावर ओढत आणलं. सासूबाईंनी चूल सोडायला नकार दिला, त्यामुळं घर खाडी ओलांडत होतं तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. ही गोष्ट आर्ममध्ये अजून सांगतात. त्यापुढची गोष्ट अशी, की घर किनाऱ्याला लागता लागता ओहोटी सुरू झाली, ते फिरवायला पाणी उरलं नाही आणि गावकऱ्यांनी दोर लावून जसं होतं तसं वर ओढलं. त्याचं तोंड डोंगराकडं झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेटाऐवजी शेजाऱ्याचं कोंबड्यांचं खुराडं दिसू लागलं. समुद्राच्या बाजूला आली ती जिन्याची भिंत आणि कोठीची अंधारी खोली.

"पुढच्या वसंतात फिरवू," अझराया म्हणाला होता. पुढचा वसंत आला तेव्हा मासळीचा हंगाम होता. त्याच्या पुढच्या वेळी त्याची पाठ धरली होती. मग ते बोलणंच थांबलं. तो वारल्यावर मावशीनं एका सुताराला बोलावून भिंतीत खिडकी पाडता येईल का विचारलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली, खाली वाकून तुळया पाहिल्या आणि म्हणाला, बाई, हे घर एकदा समुद्र पिऊन आलंय, याला धक्का लावू नका.

म्हणून वाचनालय.

दुपारी नॅडीन शाळेतली मुलं घेऊन येणार होती. चौकटीत मुलांना बसवून पाहू, म्हणजे अंदाज येईल, असं तिचं म्हणणं. मावशीनं त्यांच्यासाठी काकवीचे बन भाजले होते. जॅम आणायला ती कोठीत गेली.

कोठीला एक छोटी खिडकी होती खरी, पण घर आलं त्याच वर्षी अझरायानं तिच्यावर फळ्या ठोकल्या आणि त्यावर मांडणी उभी केली. उजेडानं जॅम खराब होतो म्हणाला. ते खरंही होतं. सगळ्यात वरच्या फळीवर बाटल्यांची रांग लागायची. पण उजवीकडच्या टोकाला एका बाटलीएवढी जागा तो कायम रिकामी ठेवायचा. मावशीनं तिथं बाटली ठेवली की दुसऱ्या दिवशी ती खालच्या फळीवर आलेली असायची. वरच्या फळीपर्यंत तिचा हात जेमतेम पोचायचा, पण हट्टानं ती पुन्हा वर ठेवायची. तो पुन्हा खाली काढायचा.

"त्या टोकाला काय तुझ्या बापाचा पुतळा बसवायचाय?" ती विचारायची.

"फळी कच्ची आहे तिकडं," तो म्हणायचा.

तो गेल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की त्या जागी बेकॲपलच्या, म्हणजे तिकडच्या दलदलीतल्या पिवळ्या बोरांच्या जॅमची एक भली मोठी बाटली ठेवून दिली. फळी काही मोडली नाही. जिंकल्याचा आनंद मात्र तिला दोन दिवसही पुरला नव्हता. आता तिनं त्या बाटलीला हात न लावता खालून दुसरी घेतली आणि ती बाहेर आली.

मुलं टेकडीवरून धावतच उतरली. बन संपायला वेळ लागला नाही. मग नॅडीननं टाळ्या वाजवून सगळ्यांना दोरीच्या आत बसवलं. आधी लहान वर्ग, मग मोठा. रोलंड खुणा करत फिरला: इथं टेबल येईल, इथं दार येईल, तिथं कुणी बसायचं नाही, इथं मोठी खिडकी, म्हणजे तिच्यासमोरची जागा मोकळी. मुलं सरकत सरकत एकमेकांच्या मांडीवर आली. शेवटची चार-पाच जणं दोरीबाहेरच उभी राहिली. त्यांतला एकजण कातळावर चढून बसला आणि म्हणाला, मी छपरावर बसलोय.

"चालेल, चालेल," नॅडीन घाईघाईनं म्हणाली. "सगळी एकदम थोडीच येतात? पाळीपाळीनं बोलवू."

दोन वेण्या घातलेली एक मुलगी चौकटीच्या मधोमध अंग चोरून बसली होती. तिनं मान फिरवून चारी बाजूंना पाहिलं.

"मिस, पुस्तकं कुठं ठेवायची?"

मुलं हसली. नॅडीनही हसली, पण तिनं मावशीकडं पाहायचं टाळलं. मावशी हातातल्या रिकाम्या ताटातले तुकडे गोळा करून गवतावर टाकत राहिली. ती काही दुधखुळी नव्हती. दोरी तिनंही मोजली होती, पण मनातल्या मनात, आणि मनातलं माप नेहमी आपल्याला हवं तेवढंच भरतं.

मुलं परत गेली. नॅडीन त्यांच्यामागं गेली. रोलंड वही उघडून उभा राहिला.

"मग दार डोंगराकडं आणि खिडकी समुद्राकडं. असंच ना मावशी?"

"असंच."

"म्हणजे अझरायाच्या घराच्या बरोब्बर उलट," ओबेड काका टोपलीवरून म्हणाले.

"ओहोटी लागली नसती तर आमचंही असंच असतं," मावशी म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्याला चवही उरली नव्हती.

"कसली ओहोटी?"

"घर आणलंत त्या दिवशीची. तुम्हीच तर होतात बोटीवर."

"होतो की. पुढच्याच बोटीवर होतो. पण ओहोटी कसली? पाणी चढत होतं, पोरी. घर टेकलं तेव्हा तासाभराची भरती बाकी होती. मनात आणलं असतं तर दोनदा गरकन फिरवून..." काकांनी तोंडातली काडी काढली. "तुला त्यानं नंतरही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

काकांनी रोलंडकडं पाहिलं. रोलंड वहीत डोकं घालून उभा राहिला, जणू तिथं वाचण्यासारखं पुष्कळ होतं.

"आता तो जाऊन अकरा वर्षं झाली. मीही काही बसून राहणार नाही," काका म्हणाले. "घर खाडीच्या मधोमध असताना तो माझ्या बोटीत आला. म्हणाला, ओबेड, घर फिरवून घे. पाठ समुद्राकडं. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दर्यावरचा माणूस घराचं तोंड डोंगराकडं करतो? तर म्हणाला, मला रोज जेवताना ते कुंपण बघवायचं नाही."

मावशीनं हातातलं ताट छातीशी धरलं.

"मला बघवायचं नाही म्हणाला, की व्हिनाला बघवायचं नाही म्हणाला?"

"मला, म्हणाला. मी काय बहिरा होतो तेव्हा? मग चारी बोटींवर जाऊन सगळ्यांना सांगून आला, व्हिनाला ओहोटी लागली म्हणून सांगा. आम्हाला वाटलं, पुढं-मागं तोच सांगेल."

"चारी बोटींवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं?"

"त्यांच्या बायकांनाही असेल."

रोलंडनं वही मिटली. "आईनं मला सांगितलं होतं, मावशी," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असणार."

घर आणलं त्या दिवशी मावशी त्याच्याच आईच्या स्वयंपाकघरात होती, मांडीवर आपला तान्हा क्लॅरेन्स घेऊन. बेटावर वाढलेली बाई ती, झोपेतही तिला पाणी चढतंय की उतरतंय कळायचं. पण त्या दिवशी तिनं पाण्याकडं पाहिलंच नव्हतं. डोळे सुजून बंद झाले होते. क्लॅरेन्सच्या आधीची मुलगी, पर्ल, बेटावर राहिली होती, उतारावरच्या पांढऱ्या कुंपणाच्या आत. चार महिन्यांची होऊन गेली. शवपेटी अझरायानंच बनवली, स्वतःच्या काखेत धरून नेली, आणि त्यानंतर तिचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. दर ऑगस्टमध्ये बेटावरचे जुने लोक बोट काढून तिकडं जात, गवत कापत, कुंपणाला रंग देत. व्हिना प्रत्येक वेळी जायची, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. अझराया एकदाही गेला नाही. दर ऑगस्टमध्ये त्याच्या बोटीचं इंजिन बिघडायचं. एकदा संतापून ती त्याला म्हणाली होती, तू माणूस नाहीस, दगड आहेस. तो लाकडं फोडायला गेला.

"मी ताट ठेवून येते," मावशी म्हणाली.

ती गेली ती परत आलीच नाही. दोघं थोडा वेळ थांबले. मग रोलंडनं काकांना हात देऊन उठवलं.

घरात आल्यावर तिनं ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. चुलीत एक ओंडका घातला. किटली चढवली आणि पुन्हा उतरवली. तिला त्याचा राग आला होता. पन्नास वर्षं ती भरती-ओहोटीला शिव्या देत बसली होती, आणि गाव ऐकून घेत होतं. बाजारात, चर्चमध्ये, बायकांच्या शिवणाच्या बैठकीत तिनं ती ओहोटी सांगितली होती, आणि प्रत्येकीनं मान हलवून च् च् केलं होतं. सांगायला काय झालं होतं त्याला? ती काय त्याला खाणार होती? तीही रडली असती, तोही रडला असता, आणि मग घर फिरवलं असतं नाहीतर नसतं फिरवलं.

त्याच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहून ती हे सगळं मोठ्यानं बोलली. मग बोलता बोलता तिला एक जुनी गोष्ट आठवली.

एका वर्षी वादळांमुळं ऑगस्टची बोट निघालीच नव्हती. सप्टेंबर उजाडला. जेवताना अझराया ताटाकडं बघत म्हणाला होता, "यंदा कुंपण काळं पडलंय." ती फणकाऱ्यानं म्हणाली होती, "तुला काय करायचंय त्याचं?" आणि विषय तिथंच संपला होता. पडलं असेल, असं तो म्हणाला नव्हता. पडलंय म्हणाला होता.

ती उठून कोठीत गेली.

दिव्याच्या उजेडात मांडणी नेहमीसारखीच दिसत होती. तिनं पिठाच्या पिंपाजवळचं स्टूल ओढलं, चौकटीला धरून एकेक पाय वर घेतला. गुडघे कुरकुरले. वरच्या फळीच्या उजव्या टोकाशी तिनं हात नेला आणि बाटली काढायच्या आधी तिची बोटं फळीच्या कडेवर थांबली. सगळी फळी खरखरीत, रंधा न मारलेली; तिथं तेवढीच ती कड गुळगुळीत होती. हात टेकून, टेकून, टेकून झालेली. तिनं तिथं आपला हात ठेवून पाहिला. तो तिथं बरोबर बसला.

मग तिनं बेकॲपलची बाटली उचलली.

बाटलीमागं फळी नव्हती. खिडकीवर ठोकलेल्या फळ्यांपैकी एक त्या टोकाला आखूड होती, आणि तिथून काचेचा एक उभा तुकडा उघडा राहिला होता. बाटलीएवढा. त्या टोकाचा अंधुक उजेड तिला कायम फळ्यांमधल्या फटीचा वाटत आला होता. अकरा वर्षांची धूळ बसली होती. तिनं पदर नसलेल्या बाईनं जे करावं तेच केलं, एप्रनचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि काच पुसली. अझरायाची उंची यायला तिला अजून थोडं हवं होतं. ती चवड्यांवर उभी राहिली.

समुद्र दिसला नाही. धक्का नाही, आर्म नाही, हिरवळीवरच्या खुंट्याही नाहीत. त्या फटीतून बेटाचा तेवढाच उतार दिसत होता, आणि उतारावर, उतरत्या उन्हात, एक पांढरा ठिपका. बाकी काही दिसू नये अशीच ती फळी कापली होती. माप घेऊन कापली होती.

दर ऑगस्टमध्ये ती तिकडं गुडघ्यावर बसून कुंपणाला रंग देत असायची आणि इकडं इंजिन बिघडलेला माणूस या अंधाऱ्या खोलीत असा उभा असायचा. दरवर्षी. आणि ती घरी आली की विचारायचा, रंग पुरला का? एवढंच विचारायचा. ती म्हणायची, पुरला.

"अरे, सांगायचं तरी," ती काचेला म्हणाली. "आपण दोघांनी बघितलं असतं."

तिचे चवडे दुखायला लागले तरी ती खाली उतरली नाही. ऊन बेटावरून सरकलं, पांढरा ठिपका करडा झाला, मग दिसेनासा झाला. तेव्हा ती चौकटीला धरून एकेक पाय खाली आली. बाटली तिनं खालच्या फळीवर ठेवली.

सोमवारी बंबखान्याच्या माडीवर बैठक भरली. मावशी एकेका पायरीला थांबत वर आली. ओबेड काका आधीच येऊन बसले होते, कारण बैठकीला चहा असतो. तिला पाहून ते उठायला लागले, तर ती म्हणाली, "बसा हो. तुम्हाला काय झालं?" आणि त्यांच्याच शेजारी बसली.

शनिवारपासून रोलंडला नीट झोप नव्हती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं वही उघडली.

"तर टोकावरची जागा. मावशीनं ती गावाला उदार मनानं..."

"वरची जागा लिही," मावशी म्हणाली.

"कुठली वरची?"

"आपल्या गावात वर कितीक जागा आहेत रे? शाळेशेजारची."

नॅडीनच्या हातातलं पेन थांबलं. "मावशी, शनिवारी मुलांनी काही बोलून तुम्हाला..."

"पोरीनं बरोबर विचारलं. पुस्तकं कुठं ठेवायची?" मावशीनं कपात टिनचं दूध ओतलं आणि ढवळलं. "तू तेव्हाच बोलायचं होतंस, नॅडीन. मी काय तुला खाल्लं असतं? या गावात कुणी काही बोलतच नाही. आणि मग माणसं घरं उलटी करून बसतात."

खाली कुणीतरी बंब सुरू केला. कपाटं थरथरली, काकांच्या बशीत कप वाजायला लागला. सगळे तो आवाज थांबेपर्यंत थांबले.

"केवढं लिहू मग?" नॅडीननं विचारलं.

"मोठं लिही. दोन्ही वर्ग बसून वर पुस्तकांना जागा उरेल असं. आणि जिना नको."

"एक मोठी खिडकी घालू की तिथंही," रोलंड म्हणाला. "हॉकीची शेड दिसेल, पण... तुझी खिडकी राहिली ना, मावशी. तिच्यासाठी तर हे सगळं चाललं होतं."

"माझी आहे घरी."

"घरी? तुझ्या घराला त्या अंगाला खिडकी कुठाय?"

"आहे. बाटलीएवढी आहे. अझरायानं केलेली."

रोलंडला काही उमजलं नाही. तो नॅडीनकडं पाहू लागला. ओबेड काकांनी मात्र टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि चहा कधीच संपला होता तरी कप पुन्हा तोंडाला लावला. मावशीनं किटली उचलून त्यांच्या कपात चहा ओतला.

"तेवढं लवकर लिहा," ती म्हणाली. "मला उन्हं उतरायच्या आत घरी पोचायचंय."